आठ दिवसांत अर्धं

कमळाबाई घरत हॉस्पिटलात नेमकं काय काम करतात हे विचुंबे गावात कुणालाच धड माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर ते समजावून सांगायचं त्राण आता त्यांच्यातही उरलेलं नाही. विचारलंच कुणी, तर "हाय आपली आयाबाई," एवढं म्हणायचं, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि घराची वाट धरायची. एकोणीस वर्षं झाली. गुडघे बोलायला लागले, केस पिकले, सून आली, नातू आला, पण काम तेच.

पनवेलच्या बाहेर हायवेला लागून ते हॉस्पिटल आहे. त्याच्या तळमजल्याला अगदी टोकाला दोन खोल्या. दरवाजात शिसं भरलेलं, ढकलायला दोन्ही हात आणि वर खांदा लागतो. एका खोलीत एकच पेशंट, तीन-चार दिवस, एकटा. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी कॅन्सरमुळे काढून टाकलेली असते, आणि तिचे उरलेसुरले कण मारायला पेशंटला एक गोळी देतात. गोळी दिसायला साधी, पण येते शिशाच्या जाड डब्यातून, आणि ती उचलतात चिमट्याने. एकदा गिळली की माणूसच किरण फेकायला लागतो. मग त्याच्याजवळ कुणी जायचं नाही. जेवण दारातल्या झडपेतून आत सारायचं, बोलायचं ते भिंतीवरच्या फोनवरून. दाराबाहेर जमिनीवर एक पिवळी पट्टी रंगवलेली आहे. नातेवाइकांनी तिच्या अलीकडे उभं राहायचं. त्या खोलीतल्या संडासाचं पाणीसुद्धा सरळ गटारात सोडत नाहीत, जमिनीखालच्या टाकीत महिनोनमहिने साठवून ठेवतात.

ताटं द्यायची, चादरी पिशवीत भरून वर तारीख घालायची, पिशव्या कोठीत लावायच्या, अडीच-तीन महिन्यांनी यंत्र फिरवून बघायचं आणि मगच बाहेर काढायच्या, हे कमळाबाईंचं काम. छातीवर एक छोटा बिल्ला असतो, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा. तो मंगळसूत्राच्या शेजारीच लावतात. सून हसते, "सासूबाईंना दोन-दोन दागिने."

पण सगळ्यात मोठं काम नेमणुकीच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ते म्हणजे सांगणं. डॉक्टर इंग्रजीत सांगून जातात, चार पानी कागद देतात, नातेवाईक माना डोलावतात, आणि डॉक्टर वळले रे वळले की कमळाबाईंकडे येऊन विचारतात, "मावशी, म्हणजे नक्की काय करायचं हो?"

आणि सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं की नको? कमळाबाईंना ते कळलं स्वानंद सरांमुळे. स्वानंद तिथला फिजिक्सवाला, किरणांची मोजमापं त्याच्याकडे. पोरगेला माणूस, चहा फार पितो. नवीन आला तेव्हा एक दिवस कमळाबाईंनी त्याला गाठलंच. "सर, तुमच्या त्या गोळीत हाय तरी काय? आयोडिन आयोडिन म्हणता. आयोडिन तर मिठातपण असतं. मीठ कुणी चिमट्यानं खाल्लेलं मी नाय बघितलं."

स्वानंदने कप खाली ठेवला. म्हणाला, "मावशी, अणूच्या मधोमध एक गाठ असते, केंद्रक. एवढुशी, की अणू पनवेलएवढा धरला तर गाठ म्हणजे एखादा कांदा. पण सगळं वजन त्या गाठीतच. मिठातल्या आयोडिनच्या गाठीत एकशे सत्तावीस जण असतात. त्रेपन्न प्रोटॉन, त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, सतत ढकलाढकली. आणि चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन, ते सगळ्यांना धरून ठेवतात. असं ते घर सुखाने चालतं. आमच्या गोळीतल्या आयोडिनमध्ये प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन चार जास्त. एकशे एकतीस. घराचा तोल गेला."

"मंग?"

"मग कधीतरी त्यातला एक न्यूट्रॉन पालटतो आणि प्रोटॉन होतो. पालटताना एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो, आणि वर थोडी ताकद किरण म्हणून सुटते. प्रोटॉन आता चोपन्न झाले, म्हणजे ते आयोडिनच राहिलं नाही. झेनॉन नावाचा वायू झाला. शांत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"नावच बदललं म्हणा की. लगीन झाल्यासारखं."

"तसंच. पण कोणती गाठ कधी पालटेल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. आत्ता, उद्या, नाहीतर दोन महिन्यांनी. एवढंच ठाऊक की ढीगभर असतील तर आठ दिवसांत त्यातल्या अर्ध्या पालटतात. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यांतल्या अर्ध्या. मग त्याच्या अर्ध्या. त्याला म्हणतात अर्धायुष्य. ते तापवून लवकर होत नाही आणि बर्फात ठेवून थांबत नाही."

कमळाबाईंना हे चटकन पटलं. त्यांचा थकवा तसाच होता. रात्री झोपलं की अर्धा उतरायचा, उरलेला अर्धा घेऊन सकाळी पुन्हा स्टॉपवर उभं राहायचं. फरक एवढाच की थकव्यात रोज नवी भर पडायची.

आता कळलं म्हणून लोकांना सांगता येतं असं थोडंच आहे? पहिली काही वर्षं त्यांनी सरळ सांगून पाहिलं. "लहान पोरांना जवळ घेऊ नका, आपलं ताट वेगळं, संडासात दोनदा पाणी टाका, एकटं झोपा." लोक हो हो म्हणायचे आणि घरी जाऊन नातवाचा मुका घ्यायचे. एक आजोबा तर घरी गेले त्याच दिवशी बारशाला जाऊन पोर मांडीवर घेऊन बसले! "दिसत काहीच नाही, दुखत नाही, वास नाही," म्हणे. कमळाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जे दिसत नाही ते पाळायला लावायचं तरी कसं?

मग एकदा वैतागून त्या कुणालातरी बोलून गेल्या, "अहो, सुतक पाळता ना? तसंच समजा. शिवायचं नाय, वेगळं बसायचं, दिवस भरले की सुटलं." आणि काय आश्चर्य! त्या घराने एकूण एक दिवस पाळला. दारात नातवाला अडवलं, भांडी वेगळी, पांघरूण वेगळं. तेव्हापासून कमळाबाईंचं ते ठरूनच गेलं. शब्द अशुभ, ऐकताना माणसं जरा दचकायची, पण पाळायची. ताहिरा म्हणून एक बाई होती, तिच्या सासरच्यांना त्यांनी बाळंतिणीच्या चिल्ल्याचा, चाळीस दिवस वेगळं बसण्याचा, दाखला दिला होता. तिथेही काम झालं. डॉक्टरांच्या चार पानांनी जे होत नाही ते आपल्या एका शब्दाने होतं, याचा कमळाबाईंना, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानच होता.

आणि तिथेच घात झाला.

कादंबरी नावाची पेशंट आली ती एका सोमवारी. वय तिशीच्या आसपास, बँकेत नोकरी, राहायला नवीन पनवेलला. गोळी देण्याआधी तीन-चार आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद ठेवतात, त्यामुळे पेशंट अगदी लोळागोळा होऊन येतो. तिलाही जिना उतरताना धाप लागत होती. घरी सव्वादोन वर्षांची मुलगी, जुई. तिला सासू सांभाळत होती. अरुंधतीबाई. सडपातळ, नीटनेटक्या, देवाधर्माच्या, सगळं रीतीनं व्हायला हवं अशा स्वभावाच्या. कादंबरीने सुटल्यावर चौदा दिवस उलव्याला आपल्या माहेरी राहायचं आणि जुईने नवीन पनवेलला आजीजवळ, असं घरात ठरलं होतं.

तीन दिवस कादंबरी त्या खोलीत फोनवर मुलीचे व्हिडिओ बघत होती. झडपेतून ताट घेताना म्हणायची, "मावशी, ही बघा काय म्हणतेय, आई ऑफिशला गेली." कमळाबाई पट्टीपलीकडून "हा ग बाय" म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. दुसरी आया आठवडाभर रजेवर होती, दोघींचं काम एकटीवर. बुधवारी तर पायांना सूज येऊन चपला होईनात.

गुरुवारी स्वानंदने यंत्र धरून मोजलं, आकडा मर्यादेत आला, कादंबरीला सुट्टी मिळाली. डॉक्टर कागद देऊन गेले. आणि अरुंधतीबाई कमळाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय पाळायचं ते जरा नीट सांगा."

कमळाबाई भिंतीला टेकल्या होत्या. बस सुटायला पंधरा मिनिटं होती. त्यांनी नेहमीचं सांगितलं, पण अर्ध्यावरच आटोपलं. सुतक पाळता तसं पाळा, पोरीला शिवू देऊ नका, बाकी सगळं कागदावर आहे, चौदा दिवस.

अरुंधतीबाईंनी मान डोलावली. मग विचारलं, "सुतकात लग्न झालेल्या मुलीला माहेरचे तीनच दिवस असतात, नाही का?"

कमळाबाईंनी ते नीट ऐकलं. कानात बोळे नव्हते. प्रश्न कशाला आला आहे एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात बस होती. त्या म्हणाल्या, "हा, असतात की तीनच." आणि पिशवी उचलून निघाल्या.

पुढच्या बुधवारी कादंबरीचं स्कॅनिंग होतं. गोळी कुठे कुठे जाऊन बसली ते बघायला बोलावतात. कमळाबाई धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन कॉरिडॉरमधून येत होत्या, आणि समोरून कादंबरी आली. तिच्या कडेवर जुई होती. तोंड आईच्या मानेत खुपसलेलं, हात गळ्याभोवती. मागून अरुंधतीबाई पाण्याची बाटली घेऊन.

गठ्ठा तिथेच पडला. "अगो बाय! खाली ठेव पोरीला! खाली ठेव आधी!"

कादंबरी दचकून जागीच थांबली. जुईने भोकाड पसरलं. अरुंधतीबाई पुढे आल्या. "अहो, असं काय ओरडता? घाबरली ना पोर. तीन दिवस पाळले आम्ही, अगदी कडक. रविवारी हिला घरी आणून डोक्यावरून अंघोळ घातली, कपडे बदलले, मगच पोरीला जवळ घेऊ दिलं. लग्न झालेली मुलगी, माहेरी बसलेली, तिला तीनच. तुम्हीच तर म्हणालात."

कमळाबाईंनी बोटांवर मोजलं. रविवार, सोमवार, मंगळवार. तीन रात्री. "कुठं झोपली पोर?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना माहीत होतं.

"माझ्या कुशीत," कादंबरी म्हणाली. मग डोळ्यांत पाणी आणून, "जेवलीसुद्धा माझ्याच हातून. माझ्याच ताटात." आणि मग अगदी हळू, "कागद मी वाचला होता, मावशी. चौदा दिवस लिहिलेले मला दिसत होते. आईंनी तीन सांगितले आणि मी तीन धरले. मला तीनच हवे होते हो."

तिला काय बोलणार? सव्वादोन वर्षांची पोर दाराशी उभी राहून आई आई करते, तेव्हा चौदाचे तीन करणारं माणूस कुणालाही देवदूतच वाटणार. कमळाबाईंना राग यायला हवा होता, तो स्वतःचाच आला. वर्षानुवर्षं लोकांना सुतक सुतक सांगितलं. पण सुतकात तर सवलती असतात! जवळच्याला दहा, लांबच्याला कमी, लेकीला तीन, अंघोळ केली की मोकळं. माणसांनी माणसांसाठी केलेले नियम ते, माणसाकडे बघून वाकतात. त्या गाठीला कुठली लेक आणि कुठलं माहेर? तिला आंघोळ घातली तरी तिचं आपलं आठ दिवसांत अर्धंच.

त्यांनी स्वानंदला बोलावलं. त्याने कॉरिडॉरमध्येच सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. म्हणाला, "आधी मोजू. बाहेरून अंगावर पडलेलं मला हिशोबाने सांगता येईल, त्याची फार भीती नाही. पण ताटातून, लाळेतून पोटात गेलं असेल तर ते तिच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसणार. आईची ग्रंथी काढलेली आहे. हिची आहे, आणि एवढुशी आहे."

"आणि बसलं असलं तर?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"किती बसलंय त्यावर आहे."

यंत्राच्या खोलीत जुईला खुर्चीवर बसवून गळ्यासमोर किरण मोजणारी नळी आणायची होती. पाच मिनिटं हलायचं नाही. तिला आई हवी होती, आणि आईच नेमकी चालत नव्हती. कादंबरी दाराशी आली तरी यंत्र तडतडायला लागायचं. तिच्याच अंगातलं ते ऐकायचं. स्वानंदने तिला पार दुसऱ्या टोकाला, लिफ्टजवळ पाठवलं. अरुंधतीबाईंच्या पदराला यंत्र लावलं तर तिथेही थोडी टिकटिक. त्यांनी सकाळीच सुनेचं पांघरूण घडी करून ठेवलेलं. त्यांनाही बाहेर काढलं. जुईचे कपडे बदलले, हातपाय-तोंड धुतलं, हॉस्पिटलचा एक ढगळ सदरा चढवला. ती रडून रडून लाल झाली होती.

"मावशी," स्वानंद म्हणाला, "तुम्हीच बसा घेऊन."

कमळाबाई खुर्चीत बसल्या आणि पोरीला मांडीवर घेतलं. एकोणीस वर्षांत त्या भागात त्यांनी कुणाला हात लावला नव्हता, कुणाला लावू दिला नव्हता. जुई आधी धडपडली, मग तिला त्यांच्या छातीवरचा बिल्ला सापडला. तो मुठीत धरून ती हुंदके देत राहिली. स्वानंदने नळी गळ्याशी आणली आणि आवाज चालू केला.

रिकामी खोली त्याने आधीच मोजून ठेवली होती. रिकामी म्हटलं तरी ती कधी गप्प नसते; भिंतीतून, जमिनीतून, आकाशातून थोडं थोडं येतच असतं. मिनिटाला साठ. कमळाबाईंना तो साठचा आवाज तोंडपाठ होता. टिक. टिक टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक. त्याला ताल नसतो, म्हणून माणूस पुढच्या टिकची वाट बघत राहतो.

आताचा आवाज जरासा दाट वाटत होता. का आपल्यालाच तसं वाटतंय? पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. कमळाबाई मनात म्हणत होत्या, थांब ग बाई, थांब, वाजू नको. पण एकेक टिक म्हणजे एकेक गाठ पालटलेली, आणि ती काही कुणाचं ऐकून थांबणारी नव्हती. ती गोळी पहिल्यांदा बघितली त्या दिवशीसुद्धा त्यांना इतकी भीती वाटली नव्हती.

पाच मिनिटं संपली. ताडून बघायला स्वानंदने जुईची मांडी मोजली, पुन्हा गळा मोजला. आकडे कागदावर लिहून खूप वेळ बघत बसला.

"सर, बोला की वो. जीव चाललाय माझा."

"मांडीवर साठ-एकसष्ट. गळ्यावर चौऱ्याहत्तर." त्याने डोळे चोळले. "थोडं गेलंय आत, मावशी. अगदी थोडं. सीटी स्कॅनला पोरांना जेवढं पडतं त्याहूनही कमी. ती बरी राहील असं मी लिहून देतो. पण शून्य आहे असं नाही लिहून देता येणार."

"काय औषध?"

"आता नाही. ते आधी द्यायचं असतं. आता फक्त थांबायचं. आठ दिवसांनी पुन्हा आणा. साठाच्या वरचे हे चौदा निम्म्याच्याही खाली यायला हवेत, कारण शरीरही थोडं बाहेर टाकतं. आले खाली तर माझा हिशोब बरोबर. नाही आले तर मोठ्या डॉक्टरांकडे."

बाहेर येऊन त्याने हेच अरुंधतीबाईंना सांगितलं. मग वही उघडली. "मला लिहावं लागेल. तीन दिवसांचं कुणी सांगितलं?"

अरुंधतीबाईंनी कमळाबाईंकडे पाहिलं. सुजलेले पाय, चुरगळलेला पदर, कडेवर झोपायला आलेली जुई. त्या म्हणाल्या, "कुणी नाही. माझी मीच ठरवलं. रात्र रात्र रडत होती हो ही पोर, मला बघवेना. मी वाट शोधत होते."

ते ऐकून कमळाबाईंना रडूच आलं. सोडवून घ्यायचं तर ही वेळ होती. आणखी तीन वर्षं काढली की निवृत्त व्हायचं होतं. पण त्यांनी मान हलवली. "नाय सर. मी सांगितलं. सुतकाचं मीच घातलं यांच्या डोक्यात, आणि तीन दिवसांना हो पण मीच म्हणाले. लिवा माझं नाव."

स्वानंदने लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, "आणि इंग्रजी कागद इतकी वर्षं मीच छापतोय, हेही लिहितो."

ते आठ दिवस कमळाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कामावर ठेवलं होतं, पण वरून बोलावणं कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्याचंही त्यांना तितकंसं काही वाटत नव्हतं. नातवाला घास भरवताना त्यांचा हात त्याच्या गळ्याशी जायचा. सून म्हणाली, "आई, रजा घ्या." त्या म्हणाल्या, "रजेनं काय लवकर होतंय?" चादरींच्या पिशव्यांवर तारखा घालताना त्यांच्या मनात एकच तारीख होती, पुढचा गुरुवार. चौदाचे सात. साताच्या खाली. यायलाच हवं.

त्या गुरुवारी कादंबरीचेही चौदा दिवस भरत होते. बुधवारी स्कॅनिंग झाल्यावर ती पुन्हा उलव्याला गेली होती, आणि यावेळी अरुंधतीबाईंनी खरोखरच एक मिनिटही सूट दिली नव्हती. जुईला त्या घेऊन आल्या, कादंबरी वेगळी आली.

या वेळी जुई कमळाबाईंच्या मांडीवर आपण होऊन चढली आणि बिल्ला शोधायला लागली. टिक. टिक. मग काही नाही. कमळाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पाच मिनिटांनी स्वानंदचा आवाज आला.

"चौसष्ट."

"म्हंजे? वरचे चार?"

"रिकाम्या खोलीतही कधी चौसष्ट येतात, कधी सत्तावन्न. आता यंत्राला ती आणि रिकामी खोली वेगळी सांगता येत नाही." तो हसला, पहिल्यांदाच. "वर्षातून एकदा गळा तपासून घेऊ. बास. आईचंही मोजलंय सकाळी. मोकळी आहे."

कमळाबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरीचा हात धरून त्या कॉरिडॉरमध्ये आल्या.

कादंबरी समोर उभी होती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. मोकळी आहेस असं सकाळी सांगितलेलं, तरी तिला पुढे यायचा धीर होत नव्हता. आणि जुई? तीन रात्री आईला चिकटून झोपलेली पोर दौडत जाईल असं वाटलं होतं सगळ्यांना. ती जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीपाशी गेली आणि थांबली. पावलं अगदी पट्टीच्या अलीकडे जुळवून. आठ दिवस आजीने तिला एकच शिकवलं होतं. तिने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि मग मान वर करून कमळाबाईंना विचारलं, "जाऊ नाही ना?"

अरुंधतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

मोजणं स्वानंदचं, कागद डॉक्टरांचा, पण या पोरीच्या लेखी सांगणारं माणूस एकच होतं. एकोणीस वर्षं याच पट्टीपाशी उभं राहून कमळाबाईंनी लोकांना लांब व्हा, लांब व्हा म्हटलं होतं. आता त्या वाकल्या, गुडघ्यात कळ आली तरी वाकल्या, आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं ग बाय. सरलं. जा आयशीकडं."

जुई तरी हलेना. मग कमळाबाई स्वतःच पट्टी ओलांडून पलीकडे गेल्या, कादंबरीचे पाठीमागचे हात सोडवून पुढे आणले आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. ते बघून पोरीने एक पाऊल पट्टीवर टाकलं, मग दुसरं पलीकडे, आणि मग मात्र धावली.

त्या संध्याकाळी कमळाबाईंची नेहमीची बस चुकली. स्टॉपवरच्या कठड्यावर त्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी एक नवीन पेशंट येणार होता, सोबत म्हातारी आई, आणि ती विचारणारच होती. कमळाबाई ओठातल्या ओठात म्हणून बघत होत्या, "आठ दिवसांत अर्धं. मंग त्याच्या अर्धं. कुणासाठी कमी नाय, कुणासाठी जास्ती नाय." दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग बस आली.